नळी दुखतेय ते लपवू नकोस

पत्र नाशिकमधून आलंय. लिहिणारी 23 वर्षांची, जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका पाड्यावरची. पंचवटीत मैत्रिणींबरोबर खोली करून तिने पोलीस भरतीची तयारी केली आणि या खेपेला शिपाई म्हणून तिची निवड झाली. कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी सगळं पार पडलं. आता प्रशिक्षणाचं पत्र कधी येतं याची ती वाट बघतेय. ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, आधीपासून तिच्या उजव्या पायाची नळी दुखते. तपासणीत कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. ज्यांच्याकडे ती सरावाला जायची त्या सरांनी ग्राउंडच्या आदल्या दिवशी तिला एक इंजेक्शन आणून दिलं आणि "हे कुठे बोलू नकोस, नोकरी जाईल" असं बजावलं. आता त्याच सरांच्या ओळखीतून शहराबाहेर पंधरा दिवसांचं निवासी 'टॅक्टिकल कमांडो' शिबिर आहे. फी 22 हजार. तीन हजार आगाऊ भरून झालेत. भाऊ द्राक्षबागेत मजुरीला जातो, तो मालकाकडून उचल घेऊन बाकीचे भरायला तयार आहे. मामा होमगार्डमध्ये आहेत, ते म्हणतात, "तिथे कच्च्या पोरींना रडवतात, काहीतरी शिकून जा." ती विचारते: "ताई, शिबिर करू का? मी साडेअठ्ठेचाळीस किलोची. ग्राउंड निघालं, पण नोकरी झेपेल का? दंगलीत माझ्या शेजारी उभं राहायला कुणाला भरवसा वाटेल?"

निवड झाली त्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. पाड्यावरून येऊन, खोलीचं भाडं काढून, पहाटेचा सराव आणि रात्रीची अभ्यासिका दोन्ही सांभाळून यादीत नाव लावणं किती कठीण आहे हे मला माहीत आहे. मी स्वतः खाकीत नोकरी केली आणि शेवटची बरीच वर्षं नवप्रविष्टांना शिकवण्यात घालवली. तुझ्यासारख्या कितीतरी मुली पहिल्या फॉलिनला, म्हणजे मैदानात रांगेत उभं राहायला, माझ्यासमोर आल्यात.

तुझ्या पत्रात शिबिरावर दीड पान आहे आणि पायावर एक ओळ. मी उलट क्रमाने लिहिणार आहे. पाय आधी.

आज संध्याकाळी खाटेवर बस, पाय सैल सोड आणि नळीच्या हाडाची आतली कड अंगठ्याने घोट्यापासून वर दाबत ये. दुखणं चार-सहा बोटांच्या पट्ट्यात पसरलेलं असेल, धावायला लागलं की दुखतं आणि अंग तापलं की कमी होतं असं असेल, तर बहुतेक तो हाडावर आणि त्याला धरून असलेल्या स्नायूंवर आलेला ताण आहे. भरतीची मुलं ज्याला 'शिन पेन' म्हणतात तो हाच. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी बोट टेकलं की जीव कळवळत असेल, त्या एका पायावर उडी मारवत नसेल, धावणं थांबवल्यावरही दुखत असेल किंवा रात्री झोपेत ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याचा संशय घ्यायला हवा. दुखणं आतल्या कडेऐवजी नळीच्या पुढच्या बाजूला असेल, तर एक दिवसही वाट बघू नकोस. तिथला तडा भरायला अवघड असतो आणि दुर्लक्ष केलं तर हाड पूर्ण मोडू शकतं.

हे होतं कसं, ते समजून घे, म्हणजे पुन्हा होणार नाही. पळायला सुरुवात केली की दम काही आठवड्यांत वाढतो. हाडाला तेवढाच भार पेलायला महिने लागतात. भरतीची तारीख लागली की सगळी मुलं एकदम धावणं दुप्पट करतात, तेही पहाटे गंगापूर रोडच्या नाहीतर मखमलाबाद रोडच्या डांबरावर, तळ झिजलेल्या बुटांत. छाती म्हणते अजून एक फेरी, पण हाड अजून तयार झालेलं नसतं. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नळी दुखत नाही. तुझ्या सरावात विश्रांती धरलेलीच नव्हती, म्हणून दुखतेय.

तेव्हा जिल्हा रुग्णालयात जा, केसपेपर काढ आणि अस्थिरोग विभागात दाखव. पहिले काही आठवडे साध्या एक्स-रेत असा तडा दिसत नाही, हे लक्षात ठेव. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून सांगितलं आणि बोट ठेवल्यावर त्याच जागी दुखतच राहिलं, तर पुन्हा जाऊन तसं स्पष्ट सांग. गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय करायला सांगतील. नुसता ताण असेल तर काही आठवडे धावणं बंद ठेवून तो बसतो. तडा असेल तर दीड-दोन महिने किंवा थोडं जास्त लागतं. प्रशिक्षणाचं पत्र यायच्या आधीचा हा काळ तुला आयता मिळालाय, तो वाया घालवू नकोस.

डॉक्टरांना त्या इंजेक्शनबद्दलही सांग. त्यात काय होतं हे सरांना विचारून नाव लिहून ने. नाव सांगायला ते टाळाटाळ करत असतील तर त्यातूनही बरंच कळतं. वेदना मारणाऱ्या इंजेक्शनने हाड सांधत नाही, फक्त ते बिघडतंय हे कळायचं बंद होतं आणि माणूस त्याच हाडावर आणखी जोरात धावतो. अंगात पाणी कमी असताना, उन्हात धावण्याआधी अशी औषधं घेतली तर मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि ते स्टिरॉइड असेल तर विषय आणखी गंभीर आहे. या सदराच्या इतर वाचकांसाठीही सांगते: डॉक्टरची चिठ्ठी नसलेलं कोणतंही इंजेक्शन किंवा गोळी ग्राउंडच्या आधी कुणी हातावर ठेवली, तर घेऊ नका. पळताना कोसळून जीव गमावलेल्या उमेदवारांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. एका गुणासाठी एवढं पणाला लावावं असं कोणत्याही भरतीत काही नाही.

आणखी एक विचारते, बाई म्हणून विचारते, संकोच करू नकोस. पाळी वेळेवर येते का? सराव वाढल्यापासून ती लांबली किंवा बंदच झाली असेल तर "बरंच झालं, ग्राउंडला अडचण नाही" असं म्हणू नकोस. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडतंय याची ती खूण असते आणि त्याच काळात हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पायाच्या तपासणीबरोबर हिमोग्लोबिनही करून घे. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने 2019-21 मध्ये नोंदवलंय. रक्त कमी असलेल्या मुलीला वाटतं आपला स्टॅमिना कमी आहे, मग ती आणखी पळते आणि आणखी थकते. खोलीवर मॅगी आणि चहावर दिवस काढले असतील तर आता ते पुरे. तुमच्या भागातली नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची किंवा कुळथाची आमटी, अंडी, मिळतील तेव्हा सुके बोंबील, पालेभाजीवर लिंबू, एवढं रोज पोटात जाऊ दे. नागलीत कॅल्शियम भरपूर असतं, हाडाला ते हवंच. जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डबेवाल्याकडच्या पोळ्या सोडून गावाकडून पीठ मागवता आलं तर फार उत्तम.

आता "नोकरी जाईल" याबद्दल. तू गृहीत धरलंयस की दुखणं सांगितलं तर सगळं संपलं आणि न सांगता रेटलं तर निभावून जाईल. मी प्रशिक्षणात पाहिलंय ते याच्या उलट आहे. उपचार घेऊन बरी झालेली मुलगी पूर्ण प्रशिक्षण करते. लपवून आलेली मुलगी पहिल्या काही आठवड्यांत लंगडायला लागते. कारण तिथे ग्राउंडसारखी 800 मीटरची एक शर्यत नाही, तिथे कवायत आहे. जड बूट घालून, कडक जमिनीवर, सकाळ-संध्याकाळ. 'सावधान' म्हटलं की टाच, 'थम' म्हटलं की टाच, पाय मांडीपर्यंत उचलून खाली आपटायचा. त्या प्रत्येक दणक्याचा भार आधी नळीच घेते. हलक्या स्पोर्ट शूजमध्ये पळणाऱ्या मुलीच्या पायांना हा सगळाच प्रकार नवा असतो. तिथे दुखलं तर सिक रिपोर्ट करायची पद्धत आहे, दवाखाना आहे, डॉक्टर आराम लिहून देतात. फार दिवस बुडाले तर पुढच्या तुकडीबरोबर राहिलेलं पूर्ण करण्याची वेळ येऊ शकते, म्हणजे काही महिने मागे पडशील. मोडलेल्या हाडाने त्याहून जास्त मागे पडशील. कुणी अधिकृतपणे विचारलं तर खरं सांग आणि उपचाराचे कागद फायलीत जपून ठेव. कागद असलेल्या माणसाला घाबरायचं कारण नसतं.

शिबिराकडे वळते. त्या शिबिराचे व्हिडिओ तू पाठवलेस. टायर उलटवणं, चिखलात सरपटणं, पेटत्या कड्यातून उडी, रांगेत उभं करून पोटात गुद्दे. बघायला थरारक आहे हे खरं. पण पोलीस शिपायाच्या कामाशी त्याचा संबंध मला सापडला नाही. दुखऱ्या नळीने तू तिथे गेलीस तर पंधराव्या दिवशी प्लास्टरमध्ये परत येशील अशी मला भीती वाटते.

तुझी समजूत अशी झालेली दिसते की प्रशिक्षण केंद्राला आधीच घडलेला कमांडो हवा असतो आणि जो कच्चा येईल त्याला तिथे फेकून देतात. खरं तर केंद्र असतंच घडवण्यासाठी. त्र्यंबक रोडला रोज सकाळी ज्या भिंतीजवळून तू पळत जातेस, ती महाराष्ट्र पोलीस अकादमी शंभर वर्षांहून जुनी आहे. तिथे उपनिरीक्षक आणि त्यावरचे अधिकारी घडतात. शिपायांसाठी राज्यभर वेगळी केंद्रं आहेत: धुळे, जालना, खंडाळा, तासगावजवळचं तुरची, दौंडजवळचं नानवीज, अकोला, नागपूर आणि आणखी काही. तुला कुठे पाठवतील ते पत्रातच कळेल. या सगळ्या ठिकाणी आम्ही शून्यापासून सुरुवात करतो. उभं कसं राहायचं, हात कुठे, नजर कुठे, इथपासून. रायफल हातात येते तीही आधी रिकामी. ती खोलायची, जोडायची, पुन्हा खोलायची, सुरक्षिततेचे नियम पाठ व्हायचे, मग नेम धरायची स्थिती, मग श्वास, मग ट्रिगरवरचं बोट, आणि त्यानंतर गोळीबाराचा सराव. खासगी शिबिरात खरं शस्त्र देता येत नाही, कायदाच आडवा येतो. तिथे एअर गन नाहीतर लाकडी बंदूक घेऊन फोटो निघतात. आणि तिथे ट्रिगर झटक्याने ओढायची सवय लागलेली मुलं आमच्याकडे आली की ती सवय मोडण्यातच आमचे दिवस जायचे. कोऱ्या मुली लवकर शिकायच्या, हे मी अनुभवाने सांगते.

टॅक्टिकल म्हणून पोलिसाला काय शिकायचं असतं त्याचा एक नमुना देते, म्हणजे फरक कळेल. रात्री नाकाबंदीला तू गाडी थांबवलीस. उभं कुठे राहायचं? बॉनेटसमोर कधीच नाही. चालकाच्या दाराच्या जरा मागे, गाडीला लागून. त्यामुळे त्याला तुझ्याकडे मान वळवून बघावं लागतं आणि दार झटक्यात उघडलं तरी तुला लागत नाही. तुझा जोडीदार दुसऱ्या बाजूला, पण तुझ्या थेट समोर नाही, तिरका. हत्यार चालवायची वेळ आली तर एकमेकांच्या रेषेत यायचं नसतं. टॉर्च डाव्या हातात, अंगापासून लांब. उजवा हात मोकळा. आधी चालकाचे हात बघायचे, मग चेहरा, मग मागची सीट. गाडीचा नंबर थांबवायच्या आधीच वायरलेसवर गेलेला. आवाज चढा नाही, पण एका वेळी एकच सूचना: "इंजिन बंद करा." ते झालं की पुढची. यात कुठे टायर उलटवायचा नाही. यात जागा, अंतर, आडोसा, जोडीदार आणि डोकं थंड ठेवणं आहे. हे पंधरा दिवसांत येत नाही. हे रोज घोकून, रात्री उभं राहून येतं.

26 नोव्हेंबर 2008 च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळे तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. प्रत्येक तुकडीला मी हे सांगायचे आणि सोबत हेही सांगायचे की आपण असं प्रशिक्षण द्यायचं, अशी साधनं मागायची, की पुढच्या माणसावर छाती पुढे करायची वेळ येऊ नये. फोर्स वन हे राज्य पोलिसांचं कमांडो दल त्यानंतर उभं राहिलं ते याच विचाराने. धाडस तुझ्यात आहे की नाही हे कोणतंही शिबिर तपासू शकत नाही.

आता साडेअठ्ठेचाळीस किलो. तुझ्या डोळ्यांसमोर बहुधा एकटी तू आणि समोर एक दांडगा माणूस, असं चित्र आहे. पोलीस काम असं एकास एक लढायचं नसतंच. पकडायला जातात तेव्हा जोडीने, चौघांनी जातात. कायदाही ताकदीला लगाम घालतो: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तिच्यात स्पष्ट आहे की अटक केलेल्याला पळून जाता येऊ नये एवढंच बंधन घालायचं, त्याहून जास्त नाही. त्याच संहितेत असंही आहे की बाईची झडती बाईनेच, तिची अब्रू राखून घ्यायची. अपवादात्मक प्रसंग सोडले तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही, आणि करावीच लागली तर महिला अधिकाऱ्यानेच, दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. म्हणजे ठाण्यात तू वजन कमी असलेली एक जादा मुलगी नसशील. तुझ्यावाचून ज्या कामाला कायद्याने हात लावता येत नाही, असं काम तुझ्यावर असेल. मध्यरात्री आलेल्या मारहाण झालेल्या बाईशी पहिलं बोलणं बहुतेक तुझंच होणार आहे. तेव्हा वजनकाटा कुणी बघत नाही.

तरी ताकद वाढवायलाच हवी, हेही खरं. ढाल, हेल्मेट, लाठी घेऊन तासन्‌तास उभं राहायचं तर पाठ, खांदे आणि मुठी पक्क्या लागतात, आणि 800 मीटरच्या सरावाने त्या होत नाहीत. तुझी शर्यत तीन मिनिटांची होती. 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत आलीस की पूर्ण 20 गुण, आणि सगळी तयारी त्या आकड्याभोवती. नोकरी बारा-चौदा तास पायांवर असते.

हे मला सिंहस्थाच्या संदर्भात सांगायचंय, कारण 2027 चा कुंभ नाशिकला आहे आणि आज निवडलेल्या मुलामुलींपैकी कितीतरी जण तेव्हा घाटावर उभे असतील. 27 ऑगस्ट 2003 ला नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. अशा गर्दीत माणसं मुख्यतः पायांखाली तुडवून मरत नाहीत. चहूबाजूंनी इतका दाब येतो की छाती फुगवता येत नाही, उभ्या-उभ्या श्वास कोंडतो. चौरस मीटरमध्ये पाच माणसांच्या वर गेलं की धोका सुरू होतो. लोकांना हात वर काढता येत नाहीत, माणसं आपोआप इकडून तिकडे हेलकावे खायला लागतात, ती खूण दिसली की पुढच्यांना ढकलून काही होत नाही. मागून येणारा लोंढा थांबवायचा आणि पुढची वाट मोकळी करायची. हे ओळखून वेळेत वायरलेसवर सांगणारी शिपाई मुलगी किती किलोची आहे, याने काहीही फरक पडत नाही. ती आठव्या तासालाही जागी आणि सावध आहे का, तिचा आवाज चाळीस फुटांवर पोचतो का, याने पडतो. आवाज हेही शरीराचंच काम आहे. गोदाकाठी मोकळ्या जागी जाऊन पोटातून "थांबा, मागे व्हा" ओरडायचा सराव कर. घशातून ओरडशील तर दोन तासांत आवाज बसेल. तुम्ही मुली लहानपणापासून हळू बोलायला शिकलेल्या असता, म्हणून यावर जास्त मेहनत घे.

बंदोबस्तात आणखी एक गोष्ट बायकांना फार छळते. जवळ स्वच्छतागृह नसतं म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीचा जंतुसंसर्ग, चक्कर, उन्हात कोसळणं. हे सोसण्यात काही शौर्य नाही. पाळीपाळीने सोडायची व्यवस्था वरिष्ठांकडे मागायची, सगळ्या मुलींनी मिळून मागायची. प्रशिक्षणातच ही सवय लावून घे.

मग हे येते महिने काय करायचं? डॉक्टर परवानगी देईपर्यंत धावणं पूर्ण बंद. त्याऐवजी पोहायला जा. त्र्यंबक रोडवर महापालिकेचा सावरकर तलाव आहे, नळीवर भार न येता दम टिकतो आणि पोहता येणं पुढे घाटावरच्या बंदोबस्तात कधीतरी जीव वाचवेल. पोहता येत नसेल तर आत्ता शीक. सायकल चालवली तरी चालेल. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम: बैठका, भिंतीला नाहीतर पायरीला हात लावून जोर आणि हळूहळू जमिनीवरचे, दांड्याला नुसतं लटकून राहणं, आणि दोन्ही हातांत पाण्याने भरलेले कॅन घेऊन ताठ चालणं. डोंगरातून हंडे वाहिलेल्या मुलीला हे शेवटचं शिकवायला नको. पोटरीचे व्यायाम डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट दाखवतील ते. दुखणं थांबलं की आधी मातीवर चालणं, मग एक मिनिट पळणं-दोन मिनिटं चालणं, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी दुखली तर एक पायरी मागे. पांडवलेण्याच्या पायऱ्या त्यानंतर, आणि उतरताना सावकाश. प्रशिक्षणाचे बूट कसे असतात ते पत्रातल्या सामानाच्या यादीत असेल. यादी हाती आली की बूट आधी घेऊन घरात, मग बाहेर घालून फिर, म्हणजे पहिल्याच आठवड्यात टाचा सोलून निघणार नाहीत.

झोपेकडेही बघ. रात्री एकपर्यंत अभ्यासिका आणि पहाटे साडेचारला मैदान, हा क्रम आता थांबव. हाडं आणि स्नायू झोपेतच भरून येतात. आणि बसून वाचायचं असेल तर नवे तीन फौजदारी कायदे (न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम) वाचायला घे. इनडोअरच्या, म्हणजे वर्गातल्या, तासाला बऱ्याच जणी मागे पडतात, कारण मैदान मारणं म्हणजेच पोलीस होणं असं त्यांच्या मनात बसलेलं असतं.

मामांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पहिले आठवडे जड जातात, रगडा मिळतो, मुली रात्री बराकीत रडतात. मीही रडणाऱ्या पाहिल्यात आणि त्यांतल्याच पासिंग आउट परेडला प्लाटून घेऊन चालताना पाहिल्यात. पण कष्ट आणि छळ यांत फरक आहे. उन्हात एखादी असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या देऊ लागली, तर तो उष्माघात असू शकतो. तिला उचलून सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि लगेच दवाखाना. "नाटक करतेय" असं कुणी म्हणालं तरी थांबायचं नाही. आणि कुणी अंगाला हात लावून किंवा घाणेरडं बोलून शिक्षा देत असेल तर ते प्रशिक्षण नाही. तक्रार समितीकडे लेखी द्यायचं. त्यासाठी मनाची तयारी आत्ताच ठेव.

शिबिराचे तीन हजार मागून बघ, आजारपणाचा कागद दाखव. नाही मिळाले तर सोडून दे, त्या तीन हजारांसाठी आणखी 19 हजार घालायचे नाहीत. भावाला आजच फोन कर आणि उचल घेऊ नको म्हण. उचल घेतली की छाटणीपासून काढणीपर्यंत त्याला त्याच मालकाच्या बागेत अडकून राहावं लागतं, हे तुझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? त्यातले थोडे पैसे लागतीलच, चांगल्या बुटांना, तलावाच्या फीला, खाण्याला. तेवढे त्याने जमेल तसे पाठवावेत, आणि पहिल्या पगारातून तू ते परत करशील.

सोमवारी सकाळी लवकर जा, अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागाला गर्दी असते. मैत्रिणीला सोबत ने. दुखतं कुठे, कधीपासून, रात्री दुखतं का आणि इंजेक्शनचं नाव, हे चारही कागदावर लिहून ने, म्हणजे आत गेल्यावर विसरायला होणार नाही. ते काय म्हणतात ते मला कळव, धावणं पुन्हा कधी आणि किती सुरू करायचं ते त्यावर ठरवू.